आजोबांची तपासणी

“आजोबांना खायला घातलंस का गं?” वहिदाताईंनी दारातूनच विचारलं.

“सकाळीच घातलं,” मी म्हणाले. “ताई, ते राहू दे. आत या आधी. मला मिळालं!”

“काय मिळालं?”

“स्वीडन!”

वहिदाताईंनी हातातली बीकरची परडी तिथंच टेबलावर ठेवली, माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. त्या आमच्या लॅबच्या टेक्निशियन. पंचवीस वर्षं तिथं होत्या. सर लॅबचे मालक असले तरी चाव्या ताईंच्या कमरेला असायच्या.

आजोबा म्हणजे कुणी माणूस नव्हे. पासष्ट वर्षांच्या एका तंबाखू खाणाऱ्या म्हाताऱ्याच्या गालातून कॅन्सरचा तुकडा काढला होता. त्या तुकड्यातल्या पेशी आमच्या रिसबूड सरांनी १९९३ साली काचेच्या बाटलीत वाढवल्या. म्हातारा गेला, पेशी राहिल्या. त्यांना रोज बघावं लागतं, दर दोन दिवसांनी गुलाबी मीडियम घालावं लागतं, म्हणजे त्यांचं जेवण. आमच्याकडं त्यांचं नावच आजोबा पडलं होतं. बावीस जणांनी आजोबांवर पीएचडी केली. मी तेविसावी. शैलजा कोकाटे, मुक्काम पोस्ट बार्शी.

आणि पीएचडीनंतर परक्या लॅबमध्ये दोन-तीन वर्षं काम करायला जायचं, त्याला पोस्टडॉक म्हणतात. आमच्या क्षेत्रात ते मिळालं तर पुढचा रस्ता दिसतो. नाही मिळालं तर कुठल्या तरी कॉलेजात तासावर शिकवायचं आणि दर जूनमध्ये प्राचार्यांच्या केबिनबाहेर बसायचं. मी एकतीस ठिकाणी अर्ज केले होते. तीस ठिकाणांहून नकार, किंवा तेवढंसुद्धा नाही. एकतिसावं हे.

“वाच ना पुढं,” ताई म्हणाल्या. “कधी जायचं, काय घेऊन जायचं?”

मी मेलचा पुढचा परिच्छेद वाचला, आणि तोच पुन्हा एकदा वाचला.

प्रोफेसर एरिक्सन म्हणून बाई होत्या. त्यांनी लिहिलं होतं: तुम्ही तुमच्या पेशी इथं आणाव्यात, पुढचं काम त्यांच्यावरच करायचं आहे. मात्र बाहेरून येणाऱ्या प्रत्येक पेशीची ओळख तपासून घ्यायची, हा आमच्या लॅबचा नियम आहे. रिपोर्ट मागवा. मग वीस तारखेला दुपारी दोन वाजता तुमच्या गाइडसोबत स्काइपवर बोलू आणि पक्कं करू.

“काय झालं गं? तोंड का उतरलं?”

“काही नाही,” मी म्हणाले. “आजोबांचा रिपोर्ट पाहिजे त्यांना.”

“मग दे की. आपले आजोबा काय चोर आहेत?”

चोर मी होते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या भावाचं लग्न होतं आणि स्वारगेटवरून साडेबाराची बार्शी गाडी पकडायची होती. बॅग पाठीला लावूनच मी लॅबमध्ये आले. आजोबांना खायला घालायचं होतं, शिवाय शेजारच्या टेबलावरची मुलगी रजेवर होती म्हणून तिच्या हेला पेशीही मलाच सांभाळायच्या होत्या. आता हेला म्हणजे काय ते सांगते. एका अमेरिकन बाईच्या गाठीतल्या पेशी. बाई जाऊन साठ वर्षं होत आली होती, पण पेशी जगभरच्या लॅबमध्ये नुसत्या वाढतच होत्या. गाजरगवतासारखं आहे त्यांचं. एक थेंब दुसऱ्या पेशींच्या बाटलीत पडला की संपलं. महिन्याभरात मूळ पेशी नाहीशा आणि बाटलीभर हेलाच. बघून कळतही नाही. म्हणून सरांनी आमच्या डोक्यावर कागदच चिकटवला होता: एक पेशी, एक बाटली. म्हणजे आजोबांच्या मीडियमची बाटली वेगळी, हेलाची वेगळी. एकीतलं पिपेट दुसरीत बुडवायचं नाही.

मी बुडवलं. सव्वाअकरा वाजले होते. एकाच बाटलीतून दोघांना घातलं आणि पळाले.

लग्नाहून आल्यावर महिनाभरात आजोबा भराभर वाढायला लागले. त्याआधी ते फार कुथत वाढायचे. सर खूश झाले, सगळ्यांसमोर म्हणाले, “शैलजाच्या हाताला गुण आहे.” मी हसले. डोळ्यांसमोर मात्र ती बाटली होती. तपासून बघता आलं असतं. मी बघितलं नाही. त्याच पेशींवर दोन पेपर लिहिले, थीसिस लिहिला, आणि रोज सकाळी मायक्रोस्कोपखाली त्यांचं तोंड बघताना मनात म्हणायचे, तुम्ही आजोबाच आहात ना हो?

तीन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काही खोटं नाही.

तपासणी हैदराबादला व्हायची, आठ दिवस लागायचे. मी विचार केला, नुसत्या माझ्या पेशी पाठवल्या आणि त्या हेला निघाल्या तर मी मेलेच. पण सरांनी १९९३ साली गोठवून ठेवलेल्या मूळ पेशी सोबत पाठवल्या तर निदान दाखवता येईल की खरे आजोबा शिल्लक आहेत. त्या पुन्हा वाढवीन, सगळे प्रयोग पुन्हा करीन, वर्षभर थांबा म्हणून बाईंच्या पाया पडेन.

मूळ पेशी नायट्रोजनच्या टाकीत असायच्या, बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या कुपीत. तिला आम्ही व्हायल म्हणायचो. टाकीची किल्ली ताईंकडं.

“ताई, एक जुनी व्हायल पाहिजे. त्र्याण्णवची.”

“सरांना विचारलंस?”

“नाही.”

ताईंनी माझ्याकडं बघितलं. “मग?”

“ताई, मी तुमच्याकडं कधी काही मागितलंय का?”

“रोज मागतेस. चहापासून चपलेपर्यंत.” तरी त्यांनी जाड हातमोजे चढवले. टाकीचं झाकण उघडल्यावर पांढरी वाफ त्यांच्या पायांवर सांडली. तळाच्या खणातून त्यांनी एक व्हायल काढली. तिच्यावर सरांचं बारीक, तिरकं अक्षर होतं. “सात होत्या, सहा राहिल्या,” त्या म्हणाल्या. “वहीत लिहिणार मी. कुणी विचारलं तर खोटं बोलणार नाही.”

“नका बोलू. फक्त आपण होऊन सांगू नका.”

त्या आठ दिवसांत मी जेवले काय आणि झोपले काय, काही आठवत नाही. आईचा रोज फोन यायचा. माझे वडील एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडीत. बातमी बार्शीत पोचली होती.

“आगं, तुला लोकरीचं दोन स्वेटर घेतल्यात,” आई म्हणायची. “देशमुखीण म्हणती, तिथं सा-सा महिनं ऊन पडत नाय. खरं का?”

“अजून पक्कं नाही आई. कुणाला सांगू नकोस.”

“आता काय सांगायची राहिलीया? तुझ्या बापानं डेपोत पेढं वाटलं!”

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

सर तर हवेतच होते. रिसबूड सर बोलायला मृदू, कधी आवाज चढवायचे नाहीत. शिफारसपत्राचा मसुदा त्यांनी मला बोलावून वाचून दाखवला. ‘अत्यंत काळजीपूर्वक काम करणारी विद्यार्थिनी’ असं त्यात होतं. मला खुर्चीत बसवेना.

“उद्या-परवा पाठवतो,” ते म्हणाले. “आणि रिपोर्टचं काय ते बाईंचं? कशाला असले सोपस्कार? त्या पेशी मी स्वतः वाढवल्यात, असं कळवून टाकू.”

“पाठवल्यात सर मी. हैदराबादला.”

सरांचा पेन थांबला. “पाठवल्यासुद्धा?” मग हसले. “बरं, बरं.”

त्या वेळी मला वाटलं, मी न विचारता पाठवल्या म्हणून ते नाराज झाले.

एकोणीस तारखेला सकाळी मेलवर रिपोर्ट आला. दोन पानं. ताई समोर काचेची भांडी पुसत होत्या. मी पहिलं पान उघडलं. शैलजा कोकाटे, चालू पेशी. पुरुष की स्त्री: स्त्री. हेलाशी जुळणी: शंभर टक्के.

आजोबा बाई निघाले.

संपलं, असं वाटलं. स्वीडन संपलं, पीएचडी संपली, डेपोतले पेढे संपले. मग दुसरं पान उघडलं. जुनी व्हायल, १९९३. पुरुष की स्त्री: स्त्री. हेलाशी जुळणी: शंभर टक्के.

मी चारदा वाचलं. मग हसायला लागले. मोठ्यानं.

“काय गं बाई, वेड लागलं का?” ताई म्हणाल्या.

“मी नाही केलं ताई! मी नाही केलं!”

“काय नाही केलंस?”

जीव भांड्यात पडला होता. माझ्या बाटलीनं काही बिघडलं नव्हतं, कारण बिघडायला शिल्लकच काही नव्हतं. आजोबा भराभर वाढायला लागले त्या महिन्यात आम्ही मीडियममध्ये घालायच्या सीरमची कंपनी बदलली होती, कारण बहुधा तेवढंच. तीन वर्षं मी उगाच मरत होते.

मग हसू थांबलं. १९९३ ची व्हायल. म्हणजे पहिल्यापासून. बावीस पीएचड्या. आणि ते सरांना जाऊन सांगायचं होतं मला.

दोन्ही पानं छापून घेऊन मी सरांच्या केबिनमध्ये गेले. सर खिडकीपाशी उभे होते. मी दार लावून घेतलं.

“सर, मला एक कबूल करायचंय,” मी म्हणाले, आणि बाटलीचं सगळं सांगून टाकलं. भावाचं लग्न, साडेबाराची गाडी, पिपेट. शेवटी पहिला कागद टेबलावर ठेवला. ते शांतपणे वाचत होते. चेहऱ्यावर काही नाही. मग मी दुसरा कागद ठेवला. “आणि ही जुनी व्हायल, सर. तुमची.”

त्यांनी तो कागद हातातसुद्धा घेतला नाही.

“जुनी व्हायल कुणाला विचारून काढलीस?”

मला तेव्हा कळलं. कागद न वाचताच त्यांना माहीत होतं त्यात काय आहे.

“सर… तुम्हाला ठाऊक होतं?”

त्यांनी चष्मा काढला. त्यांचे डोळे फार लहान दिसायला लागले.

“मरत आल्या होत्या गं त्या,” ते म्हणाले. “पाच महिने झटलो होतो मी. फ्लास्कमध्ये दहा-बारा पेशी उरल्या असतील. आणि एका सोमवारी येऊन बघतो तर फ्लास्क भरलेला. मला वाटलं, देव पावला.”

“तपासलं नाहीत?”

“तपासून काय मिळणार होतं मला?” पहिल्यांदाच त्यांचा आवाज चिरकला. “नंतर पेपर आला. मग विद्यार्थी आले. मग तर कसं तपासणार? बावीस जण, शैलजा. कुणी प्राचार्य आहे, कुणी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. आणि मी अडीच वर्षांत निवृत्त होतोय.”

मला त्यांची दया आली आणि त्याच क्षणी भीती वाटली. माणूस किती घाबरलाय ते दिसलं की त्याची जास्त भीती वाटते.

“मी बाईंना खोटं सांगणार नाही, सर,” मी म्हणाले. माझाच आवाज मला परका वाटला. “पेशी हेला आहेत, हे मी सांगणार.”

“सांगायचंच,” ते लगेच म्हणाले. “उद्या आपण दोघं बसू. बोलायचं माझ्यावर सोड. हे कागद राहू देत माझ्याकडे.” मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, “तुझा व्हायवा पुढच्या महिन्यात ना?” व्हायवा म्हणजे थीसिसची शेवटची तोंडी परीक्षा, आणि ती गाइडच्या हातात.

“हो सर.”

“हं,” ते म्हणाले. “आणि ते पत्र उद्या पाठवतो. बोलणं झाल्यावर.”

दुसऱ्या दिवशी दोन वाजता सरांच्या कॉम्प्युटरसमोर आम्ही शेजारी शेजारी बसलो. एरिक्सनबाई पडद्यावर आल्या, पांढरे आखूड केस, मागं बर्फ पडलेली खिडकी. बाई इंग्रजीत बोलत होत्या, मी आपलं मराठीत सांगते.

“रिपोर्ट आला का?” त्यांनी विचारलं.

“आला,” सर म्हणाले. “बातमी चांगली नाही. पेशी हेला आहेत.”

बाई पुढं झुकल्या. “कधीपासून?”

मी सरांकडं बघितलं. सरांनी माझ्याकडं बघितलं नाही.

“तीन वर्षांपासून,” ते म्हणाले. “शैलजाकडून चूक झाली. दोन पेशींना एकच बाटली वापरली. पण तिचं कौतुक हे की काल ती स्वतः होऊन माझ्यासमोर येऊन कबूल झाली. कुणी विचारलं नसताना.”

मी काल विश्वासानं त्यांच्या हातात दिलेली गोष्ट ते माझ्यासमोर, इतक्या मायेनं, माझ्यावर ठेवत होते.

“शैलजा, हे खरं आहे?” बाईंनी विचारलं.

आणि मुद्दा असा, की ते खरं होतं! एक बाटली मी वापरलीच होती. कबूलही झाले होते. दुसऱ्या कागदाबद्दल कुणी विचारलंच नव्हतं. व्हायवा, पत्र, तीस नकार, आईचे स्वेटर. मी तोंड उघडलं.

“हो,” मी म्हणाले. “खरं आहे.”

मी डोळे मिटले. आता त्या नको म्हणतील.

“इतक्या वर्षांत,” बाई म्हणाल्या, “असं आपण होऊन सांगणारं मला कुणी भेटलेलं नाही. त्या पेशींचं काम आता होणार नाही. पण माझ्याकडे दुसरं काम आहे. मला अशी माणसं हवी आहेत. तू ये.”

सरांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यांचा हात घामानं ओला होता.

बाहेर आले तर वहिदाताई दाराशीच उभ्या. “काय म्हणाली?”

“ये म्हणाली.”

“अल्ला!” त्यांनी मला मिठीत घेतलं. मग हळूच विचारलं, “आणि त्या जुन्या व्हायलचं काय निघालं गं? मला वहीत लिहायचंय.”

तिथं सर नव्हते. बाई नव्हत्या. मला कुणी काही करू शकत नव्हतं. फक्त ताई होत्या, ज्यांनी माझ्यासाठी टाकी उघडली होती.

“चांगली निघाली ताई,” मी म्हणाले. “चांगली आहे.”

माझे दोन्ही पेपर मागं घेतले गेले. व्हायवात थीसिसमध्ये एक कबुलीचं वाक्य घातलं, परीक्षकांनी सरांच्या सचोटीची तारीफ केली. बावीस जणांचं सगळं जिथल्या तिथं राहिलं. मी स्वीडनला गेले. काम चांगलं चाललं. बाई नव्या लोकांना माझी ओळख करून द्यायच्या, “ही शैलजा, स्वतःची चूक सांगणारी,” आणि दर वेळी माझ्या पाठीतून कळ जायची.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबरमध्ये, जेवणाच्या सुट्टीत मला स्काइपवर फोन आला. ओळख नसलेली मुलगी, पुण्याच्या लॅबमधून.

“ताई, मी गौतमी. नांदेडची. रिसबूड सरांकडं पीएचडी करतेय. वहिदाताईंनी तुमचा आयडी दिला. दोन मिनिटं आहेत?”

“बोल की.”

“मी आजोबांवरच काम करतेय. कॉलेजातली पर्मनंट नोकरी सोडून आले ताई, घरचे अजून बोलत नाहीत माझ्याशी. पण काम काय सुंदर चाललंय! फक्त एक-दोन प्रयोगांत उत्तरं जरा विचित्र येतात, गालाच्या पेशींसारखी येत नाहीत. म्हटलं, तुम्हाला विचारावं.”

माझ्या समोरच्या टेबलावर एरिक्सनबाई सूप पीत होत्या. माझ्याकडं बघून हसल्या.

“तू पेशी कुठल्या घेतल्यास?” मी विचारलं.

“तुमच्या नाही घेतल्या, तुमच्यात ती बाटलीची गडबड झाली होती ना. सर म्हणत होते, मधल्या वर्षांतल्या घे. पण वहिदाताईंनी वही काढून दाखवली, की त्र्याण्णवची व्हायल तुम्ही स्वतः तपासली होती, चांगली निघाली होती. तुमचं नाव लिहिलंय तिथं. म्हणून मी त्याच घेतल्या.”

“किती दिवस झाले?”

“अकरा महिने, ताई.”

अकरा महिने. मला वाटलं होतं, मी फक्त गप्प बसले. फक्त सरांना वाचवलं, फक्त माझं बघितलं. फोन ठेवता आला असता. लाइन खराब आहे म्हणता आलं असतं. बाईंना मराठी येत नव्हती, पण उद्या त्यांना इंग्रजीत सांगावं लागणार होतं.

“गौतमी,” मी म्हणाले, “प्रयोग तुझे चुकत नाहीत. ती व्हायलही हेलाच आहे. पहिल्यापासून. रिपोर्ट माझ्या मेलमध्ये आहे, आत्ता पाठवते.”

तिच्या मागं कुणीतरी भांडी विसळत होतं, वहिदाताईच असाव्यात.

“म्हणजे…” तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “म्हणजे ताई, तुम्हाला माहीत होतं?”

“हो,” मी म्हणाले.